उंची किती हवी? राजूरच्या गॅरेजमधला एक दिवस

सकाळी ७

शटर उघडायच्या आधीच घाटघरकडची एमएम ५४० जीप दारात उभी होती. मे महिना संपत आलाय. अकोले तालुक्याच्या पश्चिमेला एकदा पाऊस लागला की खाचरं भरतात, ओढे फुगतात आणि भंडारदऱ्याच्या पाण्याला वळसा घालणाऱ्या रस्त्यांवर जीप हेच भरवशाचं वाहन उरतं. त्यामुळे पावसाआधीचे हे दिवस आमच्या धंद्यात सर्वांत घाईचे.

मालक पन्नाशीचे. गाडीत खताच्या गोण्या, लावणीची माणसं आणि वेळ आली तर रात्री-अपरात्री आजारी माणूस. "मिस्त्री, चार इंच उचलून द्या. टायरही मोठे टाकू. भाच्यानं मोबाइलवर दाखवली तशी."

"दादा, आधी सांगा, घासते कुठं?"

"साम्रदच्या अलीकडं, ओढ्यात. खालून दणका बसतो."

गाडी खड्ड्यावर घेतली आणि बॅटरी मारून पोटाखालचे ओरखडे बघितले. या कामात सर्वांत खरं तेच बोलतात. या जीपचे कमानपाटे (लीफ स्प्रिंग) ॲक्सलच्या खालून जातात. १९४१ च्या विलीज जीपमध्ये ते तसेच होते आणि महिंद्राने १९४७ पासून इथं जोडलेल्या जीपमध्येही तीच रचना आली. म्हणजे डिफरन्शियल आणि यू-बोल्टची पट्टी हे जमिनीच्या सर्वांत जवळचे भाग. ओरखडे तिथं असतील, तर पाटे कितीही उचला, उपयोग शून्य. ॲक्सल जमिनीपासून तेवढाच राहतो. तो वर जातो फक्त टायर मोठा झाला तर, तेही टायरची उंची जेवढी वाढेल त्याच्या निम्म्यानं. ओरखडे चेसिसला किंवा ट्रान्स्फर केसखालच्या पत्र्याला असतील, तरच पाटे उचलण्यात अर्थ आहे. इथं तो पत्रा चांगलाच आत गेलेला होता. काम खरं होतं.

सकाळी ८

गाडी सपाट फरशीवर घेतली. चारही टायरमध्ये सारखी हवा भरली, मागचं सामान उतरवलं. ॲक्सलपासून चेसिसपर्यंतचं अंतर चारही बाजूंनी पट्टीने मोजून वहीत मांडलं. त्याच वहीत पाटे शाबूत असलेल्या एका एमएम ५४० ची मापं आहेत. ताडून बघितलं तर ही गाडी मागून दोन इंच, पुढून दीड इंच बसलेली. ड्रायव्हरची बाजू आणखी पाऊण इंच खाली. पाट्यांचा वाक जवळजवळ गेलेला. बंप स्टॉपचं रबर ठेचून चपटं झालेलं.

मालकांना वही दाखवली. "तुम्ही चार इंच मागताय, त्यातले दोन तुमच्याच गाडीचे हरवलेले आहेत. आधी ते परत आणू." जुन्या गाडीच्या बाबतीत माझा हा आग्रह असतो, आणि त्यावर मी तडजोड करत नाही.

सकाळी ९

चहा घेता घेता मालकांनी एकेक मार्ग विचारला. मीही मन लावून उत्तरं दिली, कारण इथं घाई केली की पुढची दहा वर्षं माणूस भोगतो.

लांब शॅकल, म्हणजे पाट्याचं टोक चेसिसला जोडणारी हलती कडी, सर्वांत स्वस्त. पण शॅकल दोन इंच लांब केली तर गाडी उचलते एकच इंच, कारण पाट्याचं दुसरं टोक पिनला जागच्या जागी असतं. शिवाय जीपच्या पुढच्या पाट्याची शॅकल पुढच्या टोकाला असते. ती लांब झाली की ॲक्सल फिरतो, कॅस्टर, म्हणजे चाक सरळ ठेवणारा कोन, कमी होतो आणि स्टिअरिंग भटकायला लागतं. घाटात हा धोका मी कुणाच्या गळ्यात बांधणार नाही.

पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा घालायची पद्धत आहे. ती चालते पाटे ॲक्सलच्या वर असलेल्या गाडीत, तिथंही फक्त मागं. पुढच्या ॲक्सलला ठोकळा कधीच नाही. ब्रेक मारताना सगळा जोर तिथंच येतो.

पाटे ॲक्सलच्या वर नेऊन बसवणं हे तरुण पोरांचं आवडतं काम. एका दमात चार-पाच इंच मिळतात. पण त्यासाठी हाउसिंगवर नव्या बैठका वेल्ड कराव्या लागतात, ड्रॅग लिंक तिरकी होते, प्रॉपेलर शाफ्टचा कोन बिघडतो, जोर दिला की ॲक्सल पाट्याला पीळ देतो. मुख्य म्हणजे गाडीचा भार वर जातो. मागं दहा माणसं बसवून तिरक्या उतारावर उतरणाऱ्या जीपला हे मी करून देत नाही.

जादा पाटा घालता येतो. साधारण इंचभर उंची मिळते, ओझं पेलतं, पण रिकामी गाडी उडते आणि खडकावर चाक खाली सुटत नाही. मालकांची गाडी ओझ्याची. म्हणून ठरलं ते असं: चारही बाजूंचे पाटे खोलून पुन्हा वाक द्यायचा, मूळ मापापेक्षा फक्त एक इंच जास्त, मागं एकेक पाटा वाढवायचा, मेन पाटे चारही नवे. टायर मूळ ६.०० - १६ च्या जरा वरचे, त्याहून मोठे नाहीत. ब्रेक आणि गिअरचं प्रमाण मूळ चाकासाठी ठरलेलं असतं, हे मालकांना लगेच पटलं.

सकाळी १०

पोरांनी चेसिस घोडीवर घेतली. यू-बोल्ट गंजून एकजीव झालेले, कापूनच काढले. ताणलेला यू-बोल्ट तसाही परत वापरत नाही. मागच्या उजव्या मेन पाट्याला पिन बसते त्या गोल वळणाशी बारीक तडा निघाला. तो ओढ्यात तुटला असता तर ॲक्सल सरकला असता. मालक बराच वेळ तो पाटा हातात घेऊन उभे होते.

दुपारी १२

कोल्हार-घोटी रस्त्याने संगमनेर. कमानपाटेवाल्या चाचांना सकाळीच फोन केला होता, नवे मेन पाटे तयार होते. जुने पाटे नुसते थंड ठोकून वाकवले तर काही महिन्यांत परत बसतात. चाचा ते भट्टीत लाल करतात, साच्यावर वाकवतात, तेलात विझवतात आणि मग मंद आचेवर परत तापवतात. हे शेवटचं तापवणं वगळलं तर पाटा कडक होतो, पण ठिसूळही होतो. स्वस्तात काम करणारे नेमकं तेच वगळतात. डावी-उजवी जोडी शेजारी ठेवून वाक सारखा आहे ना, हे बघितल्याशिवाय चाचा पाटा हातात देत नाहीत. त्यांच्याकडे जायला मी तासभर जास्त घालवतो तो यासाठी.

दुपारी ३

पाट्यांमध्ये ग्रॅफाइट ग्रीस, नवे सेंटर बोल्ट, नवे बुश. पिना आधी हातानेच लावल्या; गाडी चाकांवर उतरल्यावर, वजन आल्यावरच आवळल्या. अधांतरी आवळल्या की रबरी बुशला कायमचा पीळ बसतो.

संध्याकाळी ५

पुन्हा जॅक लावून ॲक्सल लटकता ठेवला. ब्रेकचा रबरी पाइप ताणतो का, प्रॉपेलर शाफ्टची सरकती बाजू किती बाहेर येते, हे बघितलं. मागचा पाइप जेमतेम पुरत होता, म्हणून लांब बसवला. शॉकअप पूर्ण उघडला आणि पूर्ण दाबला या दोन्ही स्थितींत मोजला, तेव्हाच कळतं तो बरोबर लांबीचा आहे की नाही. पुढं कॅस्टर थोडा कमी आला, म्हणून ॲक्सलच्या बैठकीत पातळ पाचर घातली.

संध्याकाळी ६

चालवून बघायला रंधा धबधब्यापर्यंत. मालक स्टिअरिंगवर, मी शेजारी. सरळ रस्त्यात हात सैल केला तरी गाडी ओढत नव्हती. वळणावर थोडी जास्त झुकते, ते त्यांना सांगून ठेवलं: ओझं टपावर नको, खाली ठेवा.

संध्याकाळी ७

हिशेब झाला. जाताना कागदांचं बोलणं निघालं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम सांगतं की नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठासून सांगितलं. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी खासगी गाडी तपासणीला न्यावीच लागते. बसलेले पाटे मूळ उंचीला आणणं ही दुरुस्ती आहे. चार-पाच इंच उचलून सांगाडा बदलणं ही वेगळी गोष्ट. तसं काही मनात असेल तर काम सुरू करण्याआधी आरटीओत विचारून घ्या.

आणि जुनी जीप असलेल्या प्रत्येकाला एक विनंती. पावसाआधी एकदा पाटे खोलून मेन पाट्याचं वळण धुऊन, पुसून बघा. नवे यू-बोल्ट टाकले असतील तर पहिल्या आठवड्यातच परत आणून कसून घ्या. त्याचे मी पैसे घेत नाही.