झरपटेच्या तीरी पुरदेवता महाकाली

चैत्र शुद्ध षष्ठी उजाडली, की चंद्रपूरच्या अंचलेश्वर दरवाजाबाहेर एक निराळेच नगर वसू लागते. नांदेड, परभणी, हिंगोली या मराठवाड्याच्या जिल्ह्यांतून, सीमेपलीकडच्या तेलंगणातून आणि आमच्या गडचिरोलीच्या अरण्यभागातून भाविकांचे जथे येतात. कुणाच्या गळ्यात कवड्यांची माळ, कुणाच्या हाती परडी, कुणाच्या डोईवर संसाराचे गाठोडे. हलगी कडकडते, संबळ घुमू लागतो आणि ‘महाकाली आईचा उदो’ या गर्जनेने वैशाखाची वर्दी देणारे ते रखरखीत ऊनही क्षणभर सौम्य होते. चैत्री पौर्णिमेपर्यंत हे नगर नांदते आणि पौर्णिमा सरली की आले तसे निघून जाते.

संस्कृतात ‘पुरदेवता’ असा एक अर्थगर्भ शब्द आहे. पुराचे म्हणजे नगराचे रक्षण करणारी, नगराच्या सुखदुःखाची साक्षी असलेली ती पुरदेवता. आपली मुंबई मुंबादेवीच्या नावाने ओळखली जाते, हे आबालवृद्धांस ठाऊक आहे. सातासमुद्रांपलीकडे प्राचीन ग्रीक लोकांचे अथेन्स हे नगरही असेच होते. नगराचे नाव आणि देवी अथीनेचे नाव एकच. त्या लोकांची कथा अशी, की या नगराचे स्वामित्व कोणाचे यावरून समुद्रदेव पोसायडन आणि अथीना यांच्यात स्पर्धा लागली. समुद्रदेवाने खडकावर त्रिशूळ मारून पाण्याचा झरा काढला, परंतु ते पाणी खारे निघाले. अथीनेने ऑलिव्हचे झाड लावले. ज्या झाडाने अन्न, तेल आणि दिव्याचा उजेड दिला, त्या झाडाच्या दात्रीला नगराने आपली देवी मानले. पुढे तिच्या उत्सवात नगरातील स्त्रिया आणि कुमारिका देवीसाठी स्वहस्ते महावस्त्र विणीत आणि सारे नगर ते वस्त्र मिरवीत टेकडीवरच्या देवालयापर्यंत नेत असे. इसवी सनापूर्वी ४८० मध्ये इराणी सैन्याने ते नगर जाळले, त्यात देवीचे झाडही जळाले. दुसऱ्याच दिवशी त्या जळक्या खोडाला हातभर नवा कोंब फुटलेला लोकांना दिसला, असे हिरोडोटस या इतिहासकाराने लिहून ठेविले आहे.

ही परदेशची कथा आम्ही येथे सांगितली ती एवढ्याचसाठी, की देवी नगराला एक देणगी देते आणि नगर ती देणगी सांभाळते, असा हा करार आहे. अथेन्सला झाड मिळाले. चंद्रपूरला काय मिळाले? चंद्रपूरला गोड पाणी मिळाले!

ती आख्यायिका चंद्रपूरच्या घराघरांत सांगितली जाते. बल्लारपूरचा गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा याच्या अंगभर गाठी होत्या. उपाय थकले, वैद्य थकले. एके दिवशी शिकारीच्या नादात राजा झरपट नदीच्या कोरड्या पात्रात आला. तहानेने जीव कासावीस झाला होता. खडकातल्या एका लहानशा खळग्यात पाणी झिरपताना त्याने पाहिले. ते तो ओंजळीने प्याला, त्यानेच हातपाय आणि तोंड धुतले. त्या रात्री राजाला गाढ झोप लागली. सकाळी राणी पाहते तो गाठी नाहीशा झालेल्या! चाणाक्ष राणीने राजासह ती जागा पुन्हा शोधून काढली. वाळू आणि गवत दूर करताच खडकात गाईच्या पावलांचे पाच ठसे दिसले, आणि त्यांतले पाणी कितीही उपसले तरी आटेना. तेथेच अचलेश्वराची स्थापना झाली. पुढे एक ससा राजाच्या कुत्र्याचा पाठलाग करताना दिसला. ती भूमी वीरप्रसू आहे असे राणीने ओळखले आणि सशाच्या धावेची रेघ धरून नगराचा परकोट आखविला. परंपरेने ही घटना पंधराव्या शतकातील मानली जाते.

तो परकोट आजही उभा आहे. सुमारे ११ किलोमीटरचा घेर, जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा असे चार दरवाजे, आणि त्यांखेरीज पाच खिडक्या. २०१७ पासून इको-प्रो या संस्थेच्या तरुणांनी त्यावरील झाडेझुडपे आणि कचरा स्वतःच्या हातांनी काढला, हे येथे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे.

परंतु सुज्ञ वाचकहो, एक गोष्ट लक्षात घ्या. एवढा प्रचंड परकोट बांधला, आणि जी नगराची रक्षणकर्ती ती महाकाली मात्र त्या परकोटाच्या बाहेर, झरपटेच्या काठी राहिली. अठराव्या शतकाच्या आरंभी राणी हिराईने देवीचे आजचे भव्य मंदिर उभारविले, तेही तेथेच. कथा अशी, की हिराईचा पती राजा बीरशहा याने देवगडच्या राजाशी झालेल्या युद्धात देवीला नवस केला होता आणि विजय मिळाल्यावर तो फेडला. पुढे बीरशहाचा घात झाला. वैधव्याचे दुःख गिळून हिराईने दत्तक पुत्राच्या नावाने राज्य सांभाळले, पतीची समाधी बांधली आणि देवीचे मंदिरही बांधले. सत्ता हाती असताना तिला देवीला किल्ल्याच्या आत आणणे अशक्य नव्हते. तिने तसे केले नाही.

यामागील रहस्य आम्हांस असे वाटते: भिंतीच्या आतली देवी राजाची झाली असती, नदीकाठची देवी सर्वांची झाली. तिच्या दर्शनाला येणाऱ्याला कोणत्याही दरवाजावर आपले नाव सांगावे लागत नाही. १७५१ मध्ये गोंडांचे राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेले. मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांनी परकोटाला खिंडार पाडले. १८५४ मध्ये भोसल्यांचे राज्यही खालसा झाले. भिंतीने ज्यांना राखायचे ते सारे गेले, आणि जिच्याभोवती तटबंदीच नव्हती ती आई आहे तेथेच आहे. मंदिरात तिचे एक रूप वर आहे आणि दुसरे भूमीच्या पोटात, शयनमुद्रेत. त्या दुसऱ्या दर्शनासाठी भुयारात उतरावे लागते, मान आपोआप लवते.

देवीमाहात्म्याची कथाही हेच सांगते. मार्कंडेय पुराणातील हे तेरा अध्याय. ज्या मार्कंडेय ऋषींच्या नावाचे हे पुराण, त्यांच्याच नावाचे मार्कंडादेव हे क्षेत्र गडचिरोली जिल्ह्यात वैनगंगेच्या काठी आहे, हा आमच्या भूमीचा मान आहे. त्या माहात्म्यात सुरथ नावाचा राजा राज्य गमावून अरण्यात येतो. रथ गेला, सैन्य गेले, तरी ‘माझ्या नगराचे कसे होत असेल’ ही तळमळ काही सुटत नाही. समाधी नावाचा एक वैश्य, स्वतःच्याच मुलाबाळांनी घराबाहेर काढलेला, त्याला भेटतो. सुमेधा ऋषी दोघांना देवीचे चरित्र ऐकवितात, आणि त्यातील पहिल्या चरित्राची देवता महाकालीच होय. मग ते दोघे काय करतात? सोन्याचे देवालय बांधतात काय? नाही. ते नदीच्या काठी जातात, तेथल्या मातीची मूर्ती घडवितात आणि तीन वर्षे आराधना करतात. माती नदीची, पाणी नदीचे, आसनही नदीकाठचे. नदीवाचून देवीची ती पूजा झालीच नसती.

येथवर आमचे निरूपण झाले. आता जे सांगावयाचे ते सांगताना आमची जीभ जड होते.

काही वर्षांपूर्वी चैत्र यात्रेत आम्ही याच झरपटेच्या आख्यानावर कीर्तन केले. उत्तररंगात राजाच्या गाठी कशा गेल्या, ते पाणी कसे अमृतासमान होते, हे आम्ही रंगवून सांगितले. श्रोते तल्लीन झाले. कीर्तन आटोपले, बुक्का लावून झाला, तशी मराठवाड्यातली एक वृद्ध माउली पुढे आली. पायांना भेगा, हाती पितळेचा तांब्या. ती म्हणाली, “महाराज, तुमी सांगितलं त्या पान्यात आंघूळ करायची हाय. सकाळपासून काठानं हिंडते. पानी कुटं हाय?”

आम्ही काय उत्तर देणार? नदी शंभर पावलांवर होती. पण पात्रावर जलपर्णीचा हिरवा गालिचा होता आणि त्याखाली शहराच्या गटारांचे काळे पाणी. आम्ही तिला नळ दाखविला. तिने नळावर तांब्या भरला, हळूहळू काठाशी गेली, तांब्याचे बूड नदीच्या ओल्या मातीला टेकविले, हात जोडले आणि ते नळाचे पाणी डोक्यावर ओतून घेतले. तिची आंघोळ झाली. तिच्या श्रद्धेला काही कमी पडले नाही. कमी पडलो ते आम्ही.

त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. वर्षानुवर्षे आम्ही या नदीचे माहात्म्य सांगून दक्षिणा घेतली आणि नदीकडे पाठ करून घरी गेलो. इतकेच नव्हे, तर पूजेचे निर्माल्य पिशवीत बांधून आम्ही स्वतः याच पात्रात सोडले आहे, आणि ‘वाहत्या पाण्यात सोडा’ असे यजमानांनाही सांगितले आहे. पाणी वाहते आहे की नाही, हे पाहण्याची तसदी मात्र आम्ही घेतली नाही. दोष कोण्या एकाचा नव्हे. सांडपाणी सोडणाऱ्यांचा आहे, ते अडवू न शकणाऱ्यांचा आहे, आणि पुण्य म्हणून घाण टाकणाऱ्या आमच्यासारख्यांचाही आहे.

झरपटेचे पाणी चंद्रपुरातच थांबत नाही. ती इरईला मिळते, इरई वर्धेला. गडचिरोली जिल्ह्यात चपराळ्याजवळ वर्धा आणि वैनगंगा एक होऊन प्राणहिता होतात, आणि प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत विसावते. नांदेडची माउली ज्या गोदावरीच्या काठून आमच्या आईच्या दर्शनाला येते, त्याच गोदावरीला आम्ही परतभेट म्हणून काय पाठवितो, याचा विचार प्रत्येक घराने करावा.

अथेन्सच्या त्या देवीला आज कोणी महावस्त्र अर्पण करीत नाही. तिचे मंदिर भग्न आहे, प्रवासी ते पाहावयास जातात. आमची आई तशी नाही. तिच्या भाळी आजही मळवट भरला जातो, तिच्या दारी आजही नवस फेडले जातात. म्हणूनच आमचे उत्तरदायित्व अधिक आहे. त्या नगरीच्या स्त्रियांनी देवीसाठी धागा धागा विणला, आम्हांस तर नवे काही विणावयाचे नाही. दिलेले पाणी तेवढे निर्मळ ठेवावयाचे आहे.

तेव्हा या चैत्रात प्रत्येक भाविक घराने एक लहानसा नेम धरावा. निर्माल्य नदीत न टाकता अंगणातल्या खड्ड्यात पुरावे, त्याची माती तुळशीला घालावी. नैवेद्याच्या पत्रावळी आणि चुलीची राख काठावर सोडू नये. आणि परकोटासाठी ज्या तरुणांनी फावडे उचलले, त्यांच्या शेजारी नदीसाठीही कोणी फावडे घेऊन उभा राहिला, तर त्याला वेडा म्हणू नये, त्याला पाणी विचारावे.

आम्हीही एक नेम केला आहे. त्या वर्षापासून यात्रेतले आमचे कीर्तन मंडपात होत नाही, झरपटेच्या काठावर होते. कीर्तनाआधी श्रोत्यांसह आम्ही घटकाभर काठ झाडतो. वय झाले, कंबर साथ देत नाही, तरी पहिला खराटा आमच्या हाती असतो. हाच आमचा पूर्वरंग. राजाचे आख्यान आम्ही अजून सांगतो, पण ‘त्या पाण्याने गाठी गेल्या’ या वाक्याशी आल्यावर आमचा स्वर अडखळतो. ती माउली पुन्हा आली, तर तिच्या तांब्यात नदीचेच पाणी भरून देता यावे, एवढे आयुष्य आई महाकालीने आम्हांस द्यावे. तिच्या चरणी दुसरे मागणे नाही.