पोटातले बाळ, कर्करोगाची गाठ आणि शरीराचे पहारेकरी

वस्तीत आरोग्यावर बोलायला बसलो की आम्हाला एक प्रश्न हमखास विचारला जातो : "रोगप्रतिकारशक्ती वाढवायला काय द्यावे?" दिवस गेलेल्या सुनेसाठी सासू विचारते, कर्करोग झालेल्या आईसाठी मुलगा विचारतो. कोणीतरी पावडरचा महागडा डबा गळ्यात मारून गेलेला असतो. पैसे मोजण्याआधी ही शक्ती काम कशी करते, ते समजून घेऊ.

रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे पहारेकरी. आपले कोण, परके कोण, हे त्या ओळखतात आणि परक्यावर तुटून पडतात. म्हणूनच दुसऱ्याचे मूत्रपिंड बसवले की त्यांना आवरणारी औषधे घ्यावी लागतात. मग पोटातल्या बाळाचे काय? त्याचा निम्मा वारसा वडिलांचा. आईच्या शरीराला ते अर्धे परकेच. तरी ते नऊ महिने सुखरूप कसे राहते? ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मेदावर यांनी १९५३ मध्ये हा प्रश्न मांडला.

उत्तर हळूहळू मिळत गेले. पहारेकरी तिथून निघून जात नाहीत. पहिल्या तीन महिन्यांत गर्भाशयाच्या अस्तरातल्या पांढऱ्या पेशींपैकी सुमारे ७० टक्के 'नैसर्गिक मारक पेशी' असतात. नाव मारक, पण इथे काम पोसण्याचे : वारेकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या रुंद करायला त्या मदत करतात. वाहिन्या नीट रुंदावल्या नाहीत तर बाळाला रक्त कमी पडते. पाचव्या महिन्यानंतर आईचा रक्तदाब वाढून झटकेही येऊ शकतात. यात सुनेचा दोष नाही आणि कोणाची नजरही लागलेली नसते.

वारेच्या पेशी पहारेकऱ्यांना 'थांब' अशी खूणही करतात. कर्करोगाच्या अनेक गाठी हीच खूण चोरून वापरतात आणि पहारेकरी हात आखडता घेतात. हा अडसर काढण्याची वाट दाखवणारे जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चे नोबेल मिळाले. त्यातून आलेली औषधे काही कर्करोगांत गुणकारी आहेत. पण मोकळे सुटलेले पहारेकरी कधीकधी रुग्णाच्याच आतड्यांवर, फुप्फुसांवर हल्ला करतात.

म्हणजे शक्ती नुसती वाढवून भागत नाही. कुठे धावायचे आणि कुठे थांबायचे, हे पहारेकऱ्याला कळावे लागते. डब्यातली पावडर ते शिकवत नाही. लस मात्र शत्रू ओळखायला शिकवते. गर्भाशयमुखाचा कर्करोग बहुतेक वेळा एचपीव्ही या विषाणूमुळे होतो. बहुतेक जणींचे शरीर तो दोनेक वर्षांत घालवते. जिच्यात तो टिकून राहतो, तिला पुढे धोका असतो. ९ ते १४ या वयात मुलीला लस दिली तर पहारेकरी आधीच तयार राहतात.

म्हणून एवढे करा. गरोदर बाईचा रक्तदाब प्रत्येक तपासणीत मोजून घ्या. सरकारी केंद्रांत दर महिन्याच्या ९ तारखेला मोफत तपासणी असते. डोके फार दुखले, डोळ्यांपुढे अंधारी आली, चेहरा किंवा हात सुजले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. तिशीनंतर तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी करून घ्या. आशाताईंना विचारा, त्या कुठे जायचे ते सांगतील. मिश्री, गुटखा घरातून बाहेर काढा.

आणि डब्याचे पैसे? ते दवाखान्याच्या रिक्षासाठी बाजूला ठेवा.