पिंजरे वाढले म्हणजे रुग्णालय वाढले का?

महाबळेश्वर, प्रतिनिधी

महाबळेश्वरचा बाजार रात्री दहाच्या सुमारास शांत होतो आणि त्यानंतर रस्ते वन्यजीवांचे होतात. पठाराच्या कडेने उतरणारे हे जंगल खाली कोयनेच्या खोऱ्यात आणि तेथून पुढे चांदोलीपर्यंत जाते. गवा, बिबट्या, भेकर, सांबर या पट्ट्यात सर्वत्र आहेत. पर्यटकांची वाहनेही आता सर्वत्र आहेत. उतारावर वेगाने येणाऱ्या मोटारीची धडक बसलेला एखादा प्राणी रस्त्याकडेला पडला, तर पुढे काय होते, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही.

गावातील पशुवैद्यकीय दवाखाना गाई-म्हशींसाठी असतो. गवा हा म्हशीसारखा दिसत असला, तरी तो दावणीला बांधलेला नसतो आणि माणसाचा स्पर्श हीच त्याच्या दृष्टीने सर्वांत मोठी इजा असते. शिवाय बिबट्या आणि गवा हे दोघेही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतात. त्यांना पकडणे वा भूल देणे यासाठी मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. ती मिळाल्यावर भूल देण्याचे प्रशिक्षण घेतलेला पशुवैद्यक, योग्य मापाचा पिंजरा आणि वाहन लागते. हे सर्व जमल्यावर पसरणी घाट उतरून, खंबाटकी ओलांडून पुण्याचा रस्ता धरायचा, तर जखमी प्राण्याच्या दृष्टीने ही तीन-चार तासांची वाटचाल म्हणजे दुसरा अपघातच ठरू शकतो.

याचे कारण शरीरशास्त्रात आहे. पाठलाग, गोंगाट आणि भीती यांमुळे प्राण्याच्या स्नायूंवर असह्य ताण येतो, शरीराचे तापमान चढते, स्नायूंच्या पेशी फुटून त्यातील द्रव्ये रक्तात उतरतात आणि मूत्रपिंड व हृदय निकामी होते. पशुवैद्यक याला ‘कॅप्चर मायोपॅथी’ म्हणतात. बाहेरून एकही जखम नसलेला प्राणी यामुळे काही तासांत, कधी काही दिवसांनी दगावतो. ९ डिसेंबर २०२० रोजी पुण्यातील कोथरूडमध्ये शिरलेला गवा अनेकांना आठवत असेल. बघ्यांची गर्दी, आरडाओरडा आणि मोबाइलवरील चित्रीकरण यांच्या गराड्यात तो तासन्‌तास सैरावैरा धावत राहिला. अखेर त्याला भूल देऊन पकडण्यात आले. पण त्याच दिवशी त्याचा मृत्यू झाला. जेमतेम वर्षभराने, डिसेंबर २०२१ मध्ये, सांगलीच्या मार्केट यार्डात असाच एक गवा आला. तेथे माणसांना दूर ठेवण्यात आले, गव्याला वेळ देण्यात आला आणि त्याची सुखरूप सुटका झाली. दोन शहरांतील या फरकात औषधांचा वाटा फारसा नव्हता. वन्यप्राण्यावरील उपचार रुग्णालयाच्या दाराबाहेरच सुरू होतात, एवढे मात्र त्यातून दिसून आले.

राज्यात अशा उपचारांच्या सोयी मोजक्याच आहेत. नागपूरजवळ गोरेवाडा येथे वन्यजीव बचाव केंद्र आहे. पुण्यात बावधनला वन विभागाचे उपचार केंद्र ‘रेस्क्यू’ या संस्थेच्या साह्याने चालते. परंतु बिबट्यांसाठी सर्वांत परिचित ठिकाण म्हणजे जुन्नर तालुक्यातील माणिकडोह. कुकडी नदीवरील धरणाच्या परिसरातील हे बिबट निवारा केंद्र ‘वाइल्डलाइफ एसओएस’ ही संस्था वन विभागाबरोबर २००७ पासून चालवीत आली आहे. ‘केंद्राचा विस्तार करा’ ही मागणी येथे वारंवार होते आणि ती रास्तही आहे; परंतु विस्तार कशाचा करायचा, याबाबत बराच गोंधळ आहे.

तो समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. धरणे आणि कालवे आले, जुन्नर परिसरात ऊस वाढला आणि उसाच्या दाट फडात बिबट्याला आडोसा मिळाला. खायला गावातील कुत्री, डुकरे, शेळ्या होत्याच. २००१ ते २००३ या काळात येथे शंभरावर बिबटे पकडण्यात आले आणि त्यांतील बहुसंख्य दूरच्या जंगलांत सोडण्यात आले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मोहिमेचा नंतर अभ्यास केला तेव्हा विपरीतच चित्र समोर आले. माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी चारवरून सतरावर गेले होते. अनोळखी मुलखात, पकडण्याचा ताण सोसून सोडलेला बिबट्या अधिक धोकादायक ठरतो आणि त्याची रिकामी झालेली हद्द दुसरा बिबट्या व्यापतो, असा त्याचा अर्थ लावला गेला. सोडायचे नाही तर ठेवायचे कुठे, या प्रश्नातून माणिकडोहसारख्या केंद्रावरील भार वाढला.

इथेच खरी अडचण आहे. माणिकडोहला येणारे बिबटे दोन प्रकारचे असतात. पहिला प्रकार रुग्णांचा. विहिरीत पडलेला, वाहनाची धडक बसलेला, फासकीत पाय अडकलेला, किंवा पिंजऱ्याच्या गजांशी झुंजून सुळे मोडून घेतलेला. यांतील अनेकांना काही दिवसांच्या वा आठवड्यांच्या उपचारांनंतर परत सोडता येते. दुसरा प्रकार कायमच्या रहिवाशांचा. माणसावर हल्ला केल्याचा संशय असलेला, पाय गमावलेला किंवा लहानपणीच माणसाळलेला बिबट्या पुन्हा रानात जाऊ शकत नाही. बंदिवासात बिबट्या वीस वर्षांपर्यंतही जगतो.

आता साधा हिशेब मांडून पाहू. एका रुग्णाला सरासरी तीन आठवडे लागतात असे धरले, तर एका पिंजऱ्यात पंधरा वर्षांत अडीचशेहून अधिक बिबट्यांवर उपचार होऊ शकतात. त्याच पिंजऱ्यात तरुण वयाचा एक ‘संशयित’ बिबट्या ठेवला, तर तो पंधरा वर्षांसाठी बंद. हा हिशेब कागदावरचा आहे, हे मान्य. पण दहा पिंजरे वाढवून एका हंगामात ते कायमच्या रहिवाशांनी भरले, की रुग्णालय पूर्वीइतकेच लहान राहते, ही गोष्ट त्यातून स्पष्ट होते. २०२४ मध्ये माणिकडोहमधील दहा बिबटे जामनगरच्या केंद्रात हलवावे लागले, ते काही हौसेने नव्हे.

२०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हा ताण पराकोटीला गेला. शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात तीन आठवड्यांच्या अंतरात दोन मुलांसह तिघांचा बळी गेला. संतप्त ग्रामस्थांनी वन विभागाचे वाहन पेटवले. त्यानंतर अधिक पिंजरे, अधिक केंद्रे, बिबट्यांचे स्थलांतर आणि नसबंदी असे सर्वच उपाय चर्चेला आले. ज्या घरातील मूल गेले त्यांना पिंजऱ्यांचे गणित ऐकवणे हा क्रूरपणा होईल. त्यांना बिबट्या गावाजवळ नको आहे आणि ती मागणी चुकीची म्हणता येत नाही. परंतु या मागणीची पूर्तता रुग्णालयाच्या खाटा वापरून करू नये, एवढेच पशुवैद्यकांच्या बाजूने म्हणता येईल. कायमच्या बंदिवानांसाठी मोठी, झाडे-मचाणे असलेली स्वतंत्र आवारे हवीत. उपचारांच्या खोल्या वेगळ्या हव्यात.

या वेगळेपणाला आणखी एक कारण आहे. २०१८ मध्ये गीरमध्ये काही आठवड्यांत २३ सिंह मृत्युमुखी पडले. त्यांतील अनेकांच्या शरीरात कुत्र्यांमध्ये आढळणाऱ्या डिस्टेंपरचा विषाणू सापडला. उसातील बिबट्याचे मुख्य भक्ष्य गावातील कुत्रे. नव्याने आलेला रोगी जुन्यांच्या शेजारच्या पिंजऱ्यात ठेवला, तर एका आजाऱ्यामुळे सारे केंद्र धोक्यात येईल. म्हणून विलगीकरण कक्ष, क्ष-किरण यंत्र, रक्ततपासणीची सोय, आणि एका बाजूची जाळी सरकवून प्राण्याला भूल न देता अलगद आवळून धरता येईल असा पिंजरा, या गोष्टी विस्तारात प्रथम याव्यात. उद्घाटनाच्या छायाचित्रात त्या दिसत नाहीत, हा त्यांचा दोष.

ऑस्ट्रेलियातील पोर्ट मॅक्वारी येथील कोआला रुग्णालयाचा अनुभवही असाच आहे. १९७३ पासून, मुख्यतः स्वयंसेवकांच्या बळावर चालणाऱ्या या रुग्णालयाने २०१९ च्या वणव्यांनंतर २५ हजार डॉलरची मदत मागितली. जगभरातून ७० लाखांहून अधिक डॉलर आले. पैसा मिळाला, पण भाजलेला कोआला बरा झाल्यावर सोडायचा कुठे? त्याची निलगिरीची झाडेच जळाली होती. तेव्हा रानातील पाणवठे आणि कोआलांचे प्रजनन याही कामांकडे हा निधी वळला.

आपल्याकडे या बाबतीत एक काम मात्र नमुनेदार झाले आहे. ऊसतोडीच्या हंगामात फडात बिबट्याची बछडी सापडतात. पूर्वी ती उचलून आणली जात आणि जन्मभर पिंजऱ्यात राहत. आता पशुवैद्यक जागेवर जाऊन त्यांची तपासणी करतात, कातडीखाली ओळखीची चिप बसवतात आणि संध्याकाळी त्याच फडाजवळ एका खोक्यात ठेवून माणसे दूर होतात. समोर कॅमेरा लावलेला असतो. बहुतेक वेळा रात्रीतून मादी येते आणि एकेक करून बछडी तोंडात धरून नेते. जुन्नर परिसरात अशी शंभराहून अधिक बछडी आईकडे परतली आहेत. यासाठी लागणारा खर्च म्हणजे एक खोके, एक कॅमेरा आणि रात्रभर गावकऱ्यांना आवरून धरण्याची चिकाटी. शंभर पिंजरे त्यामुळे वाचले.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतही कृष्णाकाठी ऊस आहे, कराड-पाटणच्या फडांत बिबट्या आहे आणि वर डोंगरात सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे. २०१० मध्ये घोषित झालेल्या या प्रकल्पात नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोबातून वाघीण आणून सोडण्यात आली. रानातील जनावरे वाढणार, तसे रस्त्यावर, विहिरीत, फासकीत सापडणारेही वाढणार. दिवाळीनंतर साखर कारखान्यांची धुराडी पेटतील, कोयत्याखाली पहिला फड मोकळा होईल आणि वनरक्षकाच्या फोनची घंटा वाजेल. त्या वेळी किती अंतरावर पशुवैद्यक आहे आणि त्याच्याकडे एक तरी पिंजरा रिकामा आहे का, यावर त्या बछड्यांची पुढली वीस वर्षे ठरतील.