क्विस्लिंग : फितुरीचे नेमके माप

९ एप्रिल १९४० रोजी जर्मन फौजा नॉर्वेत घुसल्या आणि त्याच दिवशी विदकुन क्विस्लिंगने रेडिओवरून स्वतःलाच पंतप्रधान जाहीर केले. २४ ऑक्टोबर १९४५ रोजी त्याला गोळ्या घालण्यात आल्या. तोवर त्याचे आडनाव इंग्रजीत सामान्यनाम झाले होते. अर्थ : परक्या आक्रमकाचा हस्तक होऊन आपल्याच देशावर सत्ता गाजवणारा.

आपल्याकडे परभणीत निजामाच्या रझाकारांना हा शब्द लावावा का? माझ्या मते नाही. परभणी जिल्हा रझाकारांच्या काळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. लातूरच्या कासिम रझवीची ही संघटना त्याच सत्तेसाठी लढली, परकी फौज तिने आणली नव्हती. निजामाच्या लेखी राजद्रोही होते ते स्टेट काँग्रेसचे सत्याग्रही. रझाकारांनी रयतेवरच हत्यार उगारले, हा आक्षेप रास्त आहे; पण तो गुन्हा अत्याचाराचा, फितुरीचा नव्हे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजाम भारताला शरण आला. पक्ष बदलणाऱ्याला आज सभेत ‘गद्दार’ म्हणतात, त्यालाही हे माप लागत नाही. राज्यघटनेच्या १९८५ मधील दहाव्या परिशिष्टात त्याला पक्षांतर म्हणतात, आणि त्यात जाते ती आमदारकी किंवा खासदारकी.