बिदागीवरचा कर

कागल मागं पडलं की पुणे-बेंगळुरू महामार्ग दूधगंगा ओलांडतो आणि लगेच कोगनोळी, म्हणजे कर्नाटक. पुढं निपाणी-चिकोडीकडं मराठी प्रेक्षक भरपूर, त्यामुळं तमाशाचे फड, नाटक कंपन्या, ऑर्केस्ट्रा या वाटेनं जात-येत आले आहेत. ‘नटरंग’ ही कादंबरी लिहिणारे आनंद यादव कागलचेच. तमाशासाठी घरदार पणाला लावणारा त्यांचा गुणा या भागात कुणाला वेगळा सांगावा लागत नाही.

फडमालक सुपारी घेतो तेव्हा रकमेचा आकडा मोठा दिसतो. त्यातून डिझेल, तंबू, जनरेटर, ढोलकीवाला, नाचणाऱ्या, सोंगाड्या, आचारी, सगळ्यांचं भागवायचं. मागं राहील ती मालकाची कमाई. आपल्या करव्यवस्थेलाही हे थोडंफार कळतं. लोककला किंवा शास्त्रीय कला सादर करणाऱ्या कलाकाराच्या दीड लाखापर्यंतच्या बिदागीवर जीएसटी नाही, आणि नाटकाच्या पाचशे रुपयांपर्यंतच्या तिकिटावरही नाही. पण कलाकार देशाची सीमा ओलांडून आला की ही समज संपते.

आर्नाऊट गेरित्से हा नेदरलँड्समध्ये राहणारा ड्रमवादक. १९९६ मध्ये त्यानं बर्लिनच्या एका रेडिओ केंद्रासाठी वाजवलं. मानधन सुमारे सहा हजार मार्क, त्यासाठी झालेला खर्च ९६८ मार्क. जर्मनीनं पूर्ण मानधनावर २५ टक्के कर कापला. जर्मनीत राहणाऱ्या वादकाला खर्च वजा करता येत होता, याला नाही. रक्कम किरकोळ होती, तरी गेरित्से न्यायालयात गेला आणि प्रकरण लक्झेंबर्गला युरोपीय न्यायालयापर्यंत पोचलं. १२ जून २००३ रोजी निकाल लागला: कामाशी थेट जोडलेला खर्च परदेशी कलाकारालाही वजा करू द्यावाच लागेल. पुढं २००६ मध्ये ‘स्कॉर्पिओ’ खटल्यात याच न्यायालयानं आणखी एक गोष्ट मान्य केली. कलाकारानं खर्च आधी कळवला असेल तर कर कापतानाच तो धरायचा, नंतर परतावा मागायला लावायचं नाही. फिरत्या कलाकारासाठी हा दुसरा निकाल पहिल्याइतकाच मोलाचा आहे, कारण परक्या देशात, परक्या भाषेत परताव्याच्या मागं लागणं लहान वादकाला परवडत नाही.

पूर्ण रकमेवर कर लावण्यामागं एक कारण आहे. कलाकार एका रात्रीसाठी येतो, पैसे घेतो, जातो. कर खात्यानं त्याला गाठायचं कुठं? म्हणून पैसे देणाऱ्यानंच कर कापून भरायचा. आंतरराष्ट्रीय कर-करारांच्या नमुन्यात कलाकार आणि खेळाडूंसाठी वेगळं कलम याच भीतीपोटी आलं. इतर व्यावसायिकाला परदेशात कायमचं ठाणं असेल तरच तिथं कर पडतो, कलाकाराला एका कार्यक्रमावरही पडतो. नजर होती लाखोंनी कमावणाऱ्या नामांकितांवर, मार बसतो तो खर्च भागवता भागवता थकणाऱ्यांवर.

भारतानं २०१२ मध्ये १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातलं कलम ११५बीबीए परदेशी कलाकारांना लागू केलं: पूर्ण रकमेवर २० टक्के, खर्चाची वजावट नाही. समजा परदेशी नाट्यसंघाला दहा लाख मिळाले आणि नऊ लाख खर्च झाला. हातात उरला एक लाख, कर मात्र दोन लाख. हे मला सरळ अन्यायाचं वाटतं. सरकारी खर्चानं आलेल्या पथकांना बऱ्याच करारांत सूट आहे. स्वतःच्या हिमतीवर येणाऱ्याला ती नाही.

आपली माणसं अमेरिकेला निघाली की हेच ओझं आपल्यावर येतं, वर व्हिसाची तारांबळ. लोककलावंतांना तिथं पी-३ व्हिसा लागतो. ही कला त्या संस्कृतीची खास आहे हे जाणकारांच्या पत्रांनी सिद्ध करायचं, कामगार संघटनेचा अभिप्राय जोडायचा. एप्रिल २०२४ पासून या अर्जाची मूळ फी ४६० डॉलरवरून १,०१५ वर गेली. लहान आणि ना-नफा संस्थांना ५१०. एका अर्जात जास्तीत जास्त पंचवीस माणसं. आपल्याकडच्या मोठ्या फडात शंभरावर माणसं असतात, त्यांनी किती अर्ज करायचे? ब्रुकलिनची ‘टॅमिझडाट’ ही ना-नफा संस्था परदेशी कलाकारांना अशा व्हिसात मदत करते आणि नियम सोपे व्हावेत म्हणून भांडते. असं भांडणारं कुणीतरी आपल्या कलावंतांच्या बाजूनंही हवं.

पहिली मागणी खर्चाच्या वजावटीची असावी, आणि ती कर कापतानाच मिळावी. दुसरी सूट-मर्यादेची. १९८९ च्या भारत-अमेरिका कर-करारात कलाकाराचं वर्षाचं निव्वळ उत्पन्न १,५०० डॉलरच्या आत असेल तरच दुसऱ्या देशातला कर माफ आहे. अमेरिकेनं स्वतःच्या २०१६ च्या नमुना करारात ही मर्यादा एकूण मिळकतीवर ३०,००० डॉलर धरली आहे. आपला करार पुन्हा चर्चेला येईल तेव्हा तेवढा आकडा मागण्यात संकोच कसला?