सामाईक संगणकातील ड्राइव्ह : लपविणे वेगळे, बंद करणे वेगळे

एकाच संगणकावर अनेकांनी काम करण्याची पद्धत आजही घरांत व लहान कार्यालयांत रूढ आहे. अशा विंडोज संगणकातील एखादा ड्राइव्ह, उदाहरणार्थ हिशेबाच्या फायली असलेला 'डी' ड्राइव्ह, इतरांसाठी बंद करता येतो. मात्र त्यासाठी अनेकदा योजला जाणारा उपाय पुरेसा नाही.

हा उपाय म्हणजे ड्राइव्ह लपविणे. 'ग्रुप पॉलिसी'मध्ये तशी सोय असून, ती लागू केल्यावर ड्राइव्हचे चिन्ह दिसेनासे होते. परंतु फायली जागेवरच राहतात. पत्त्याच्या पट्टीत 'डी' व कोलन टाइप करताच ड्राइव्ह उघडतो. प्रवेश रोखणारी पॉलिसी स्वतंत्र आहे. तीही अन्य प्रोग्रॅममधून फाइल उघडण्यास प्रतिबंध करीत नाही.

खरे नियंत्रण असते ते विंडोज एनटीसोबत १९९३ मध्ये आलेल्या एनटीएफएस या फाइल व्यवस्थेकडे. कोणत्या खात्याला वाचण्याची व कोणाला बदल करण्याची मुभा आहे, याची नोंद ही व्यवस्था ठेवते. ड्राइव्हच्या 'प्रॉपर्टीज'मधील 'सिक्युरिटी' विभागातून ही मुभा ठरविता येते. फॅट३२ व्यवस्थेत अशी नोंदच नसल्याने तेथे हा मार्ग उपलब्ध नाही. 'सी' ड्राइव्हवर विंडोज स्वतःच असल्याने तेथे हा प्रयोग टाळावा.

'एव्हरीवन' गटापुढे 'डिनाय'ची खूण करणे सोपे वाटते. तथापि नकार हा परवानगीवर मात करीत असल्याने खुद्द मालकालाही दार बंद होते. त्याऐवजी सर्वसाधारण गटांची नावे वगळून केवळ आवश्यक खात्यांना परवानगी देणे इष्ट. इतरांची खाती 'स्टँडर्ड' प्रकारचीच हवीत, कारण 'अॅडमिनिस्ट्रेटर' खाते ड्राइव्हची मालकी स्वतःकडे घेऊ शकते. सारे घर एकाच खात्यातून काम करीत असेल, तर हा सारा खटाटोप व्यर्थ होय.

ही बंधने विंडोज सुरू असेपर्यंतच पाळली जातात. डिस्क काढून दुसऱ्या संगणकास जोडल्यास ती ओलांडता येतात. त्यावर उपाय सांकेतिकीकरणाचा. २००७ मध्ये बाजारात आलेल्या व्हिस्टाच्या काही आवृत्त्यांपासून 'बिटलॉकर' उपलब्ध झाले. मात्र त्याद्वारे एकदा उघडलेला ड्राइव्ह पुन्हा बंद होईपर्यंत त्या संगणकावरील सर्व खात्यांना खुला असतो. त्यामुळे एनटीएफएसची परवानगीही सोबत आवश्यक ठरते. बिटलॉकरची ४८ अंकी पुनर्प्राप्ती किल्ली त्याच संगणकात न ठेवता कागदावर उतरवून अन्यत्र ठेवावी. पासवर्ड विसरल्यास ड्राइव्ह उघडण्याचा मार्ग याच किल्लीतून जातो.