संगणकावर काम करणारी गृहिणी : खडकी परिसरातील एका नव्या व्यवसायाची ओळख

पुणे शहराच्या उत्तरेस मुळा नदीच्या काठी वसलेली खडकी ही ५ नोव्हेंबर १८१७ च्या लढाईमुळे इतिहासाच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. लढाईनंतर येथे लष्करी छावणी वसली. १८६९ साली दारूगोळा कारखाना सुरू झाला आणि त्यानंतर कित्येक पिढ्या या वस्तीचे घड्याळ कारखान्याच्या पाळ्यांशी जुळलेले राहिले. हा कारखाना १ ऑक्टोबर २०२१ पासून 'म्युनिशन्स इंडिया लिमिटेड' या सरकारी कंपनीकडे आहे. खडकीचा नागरी कारभार महानगरपालिकेकडे नसून कटक मंडळाकडे आहे. येथील अनेक घरांत 'नोकरी' या शब्दाचा अर्थ वर्षानुवर्षे एकच होता. सकाळी डबा घेऊन दरवाजातून आत जायचे आणि पाळी संपली की बाहेर यायचे. काम कोठे संपते आणि घर कोठे सुरू होते, याविषयी शंका घेण्याचे कारण नव्हते.

संकेतस्थळे तयार करणे आणि छोट्या व्यापाऱ्यांची जाहिरात इंटरनेटवरून करणे हा अलीकडच्या काळात रूढ झालेला व्यवसाय मात्र असा दरवाजा मानत नाही. तो घरात बसून करता येतो. त्यामुळे लहान मुले असलेल्या सुशिक्षित स्त्रियांना तो सोयीचा वाटतो. ही सोय कितपत खरी आहे, तीत कोणत्या अडचणी दडलेल्या आहेत आणि शासकीय योजना व कायदे तेथपर्यंत कितपत पोहोचतात, हे ग्रामपंचायतींचे सदस्य, शिक्षक व अधिकारी यांनी समजून घेणे उपयुक्त ठरेल. गावोगावच्या शाळा, बचत गट आणि पतसंस्था आता संकेतस्थळे करवून घेऊ लागल्या आहेत व ते काम पुष्कळदा अशाच कोणा मातेच्या हाती जाते.

प्रथम कामाचे स्वरूप पाहू. जिनिव्हा येथील 'सर्न' या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जागतिक जाळ्याची कल्पना मांडली. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. संकेतस्थळ म्हणजे सोप्या शब्दांत सांगायचे तर सतत चालू असलेल्या एका दूरच्या संगणकावर ठेवलेली पाने होत. त्या पानांना एक पत्ता असतो. तो पत्ता वार्षिक शुल्क भरून घ्यावा लागतो व मुदत संपण्यापूर्वी त्याचे नूतनीकरण न केल्यास तो हातचा जातो. पानांचा मजकूर, त्यांची मांडणी व रंगसंगती आणि वाचकाने बटण दाबल्यावर घडणारी क्रिया, या तिन्हींची वेगवेगळ्या सांकेतिक भाषांत रचना करावी लागते. आजकाल तयार साचेही मिळतात. परंतु साचा मिळाला म्हणजे काम झाले असे नव्हे, हे ज्याने तयार साच्यावर चकली पाडून पाहिली आहे त्याला सांगावयास नको.

या कामातील खरे कौशल्य बहुधा अशा गोष्टींत असते, ज्या ग्राहकाच्या ध्यानीमनीही नसतात. मिठाईचा दुकानदार मोबाइलने काढलेले चार-पाच मेगाबाइटचे छायाचित्र पाठवतो. ते तसेच पानावर लावले, तर मंद जोडणीच्या गावात पान उघडेपर्यंत गिऱ्हाईक निघून जाते. तेच छायाचित्र दोनशे किलोबाइटच्या आत आणले तरी डोळ्यांना फरक जाणवत नाही. दूरध्वनी क्रमांक चित्रात रंगवलेला असेल तर तो बोटाने दाबून फोन लावता येत नाही, अक्षरात लिहिला तर लावता येतो. जाहिरातीचेही तसेच आहे. शोधयंत्रावरील किंवा समाजमाध्यमावरील जाहिरातीसाठी पैसे अनेकदा जाहिरात दिसल्याबद्दल नव्हे, तर कोणी ती दाबल्याबद्दल मोजले जातात. त्यामुळे खडकी बाजारातील दुकानाची जाहिरात नागपूरकरांनी दाबली तर पैसे जातात, विक्री होत नाही. जाहिरात कोणत्या भागात, कोणत्या वेळी व कोणाला दाखवायची हे ठरवणे आणि रोज सकाळी आदल्या दिवसाचा खर्च तपासणे, हा या कामाचा कंटाळवाणा परंतु पैसे वाचवणारा भाग आहे.

मराठी संकेतस्थळांबाबत खडकीच्या शेजाराचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. येथून जवळच गणेशखिंडीत, विद्यापीठाच्या परिसरात १९८८ साली 'सी-डॅक' ही प्रगत संगणन विकास संस्था स्थापन झाली. १९९१ चा 'परम ८०००' हा महासंगणक तिचा सर्वांना ठाऊक असलेला पराक्रम होय. परंतु मराठी माणसाच्या दैनंदिन व्यवहाराच्या दृष्टीने भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे तिचे 'जिस्ट' हे कार्य अधिक मोलाचे मानावे लागेल. पूर्वी प्रत्येक टंकाची सांकेतिक व्यवस्था निराळी असे व एका संगणकावर लिहिलेले मराठी पत्र दुसऱ्यावर उघडले की अक्षरांची खिचडी दिसे. युनिकोड प्रणालीत देवनागरीला स्थान मिळाले आणि ही अडचण बऱ्याच अंशी दूर झाली. २०१४ पासून संकेतस्थळाचा पत्ताही '.भारत' या शेवटाने देवनागरीत घेता येतो. असे असूनही जुन्या टंकात छापलेल्या अहवालांच्या फाइली शाळांच्या कपाटांत अद्याप पडून आहेत आणि त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर करणे हे किचकट काम संकेतस्थळ करणाऱ्या स्त्रीच्याच वाट्याला येते. ग्राहक त्याला कामच समजत नाही, ही गोष्ट वेगळी.

घरी बसून संगणकाचे काम करणाऱ्या मातांची कल्पना इंटरनेटपेक्षा जुनी आहे. लहानपणी १९३९ साली निर्वासित म्हणून ब्रिटनमध्ये आलेल्या स्टेफनी शर्ली यांनी १९६२ मध्ये, लग्न किंवा मुले झाल्यामुळे नोकरी सोडाव्या लागलेल्या स्त्रियांना घरूनच संगणकाच्या आज्ञावल्या लिहिण्याचे काम देणारी कंपनी काढली. त्यांच्या स्वतःच्या नावाने गेलेल्या पत्रांना उत्तरे येत नसत, म्हणून त्या 'स्टीव्ह' अशी सही करू लागल्या. पहिल्या तीनशे कर्मचाऱ्यांपैकी २९७ स्त्रिया होत्या. काँकॉर्ड विमानाच्या ब्लॅक बॉक्सच्या आज्ञावलीचे काम याच स्त्रियांनी केले. दूरध्वनीवर ग्राहकाशी बोलताना घरातील मुलाचा आवाज ऐकू जाऊ नये म्हणून शर्ली टंकलेखन यंत्राच्या खडखडाटाची ध्वनिफीत लावून ठेवत. १९७५ मध्ये ब्रिटनमध्ये लिंगभेदविरोधी कायदा झाला आणि गंमत अशी की, त्यामुळे या कंपनीला पुरुषांनाही घेणे भाग पडले. शर्ली २०२५ मध्ये निवर्तल्या. आपल्याकडे गिरगावात १५ मार्च १९५९ रोजी सात स्त्रियांनी ८० रुपयांच्या उसनवारीवर सुरू केलेल्या लिज्जत पापडाच्या उद्योगाचे तत्त्व यापासून फार दूर नाही. पीठ केंद्रातून न्यायचे, पापड घरी लाटायचे आणि मजुरी हातात घ्यायची. फरक इतकाच की, लाटलेला पापड मोजता येतो. संकेतस्थळाचे काम किती झाले, हे ग्राहकाला मोजता येत नाही आणि वादाचा उगम तेथेच होतो.

आता अशा मातेच्या दिवसाचे सर्वसाधारण चित्र डोळ्यांसमोर आणू. समजा, खडकी बाजारानजीक दोन खोल्यांत तिचे बिऱ्हाड आहे. पती पाळीच्या नोकरीत, एक मूल प्राथमिक शाळेत व एक तीन वर्षांचे. पहाटे पाणी भरणे, डबे आणि शाळेची तयारी यांत साडेआठ वाजतात. धाकटे मूल खेळण्यात रमले तर साडेनऊ ते साडेअकरा हा पहिला सलग वेळ. त्या वेळात सांकेतिक लेखन करावे असा तिचा बेत असतो. परंतु ग्राहकांनाही हीच वेळ सापडते. "ताई, जरा नाव मोठ्या अक्षरांत घ्या" असा निरोप येतो. पाठोपाठ "नको, आधीचेच बरे होते" असा दुसरा येतो. दुपारी थोरले मूल शाळेतून येते. जेवण, अभ्यास आणि दारावर आलेला पाहुणा यांत संध्याकाळ उलटते. घरातली माणसे निजल्यावर रात्री दहा ते साडेबारा हा तिचा खरा कामाचा वेळ. "घरीच तर असतेस" हे वाक्य तिला माहेरी, सासरी आणि शेजारी तिन्हीकडे ऐकावे लागते. मुलाला ताप आला की रजा कोणाकडे मागायची हा प्रश्न नसतो. ग्राहकाकडे मुदतवाढ मागायची, हा असतो.

हे चित्र अतिरंजित वाटत असल्यास राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणाकडे पाहावे. घरातील बिनमोबदल्याच्या कामात सहभागी होणाऱ्या सहा वर्षांवरील स्त्रियांचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटे त्यात जातात. पुरुषांची ८८ मिनिटे जातात. जवळजवळ पाच तासांचे हे काम संपल्यावर, किंवा त्याच्या फटीफटीतून, ती संगणकापुढे बसते. दिवसाचे एकूण तास पुरे असले तरी ते तुकड्यांत मिळतात, आणि सलग विचाराचे काम दहा-दहा मिनिटांच्या तुकड्यांत होत नाही.

या व्यवसायातील सर्वांत मोठी तक्रार कामाच्या कष्टांची नसून थकलेल्या बिलाची आहे. काम पूर्ण झाले, संकेतस्थळ सुरू झाले आणि पैसे 'पुढच्या आठवड्यात' राहिले, हा अनुभव सार्वत्रिक आहे. याबाबतीत कायदा तिच्या बाजूचा आहे, पण तो पुष्कळ जणींना ठाऊक नसतो. १ जुलै २०२० पासून सुरू झालेली 'उद्यम' नोंदणी विनामूल्य असून घरून सेवा देणाऱ्या एकट्या स्त्रीलाही ती करता येते. अशी नोंदणी केलेल्या सूक्ष्म वा लघु उद्योगाचे देणे, सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ नुसार, लेखी करार असल्यास ठरलेल्या मुदतीत व अधिकाधिक ४५ दिवसांत, आणि करार नसल्यास १५ दिवसांत चुकते करावे लागते. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते व तक्रार सुविधा परिषदेकडे नेता येते. मात्र नोंदणी कामाआधी हवी आणि काय, किती व केव्हा हे कागदावर हवे. काम किती पानांचे, दुरुस्त्या किती वेळा, मजकूर कोणी द्यायचा, पत्ता कोणाच्या नावावर घ्यायचा, ही चार कलमे असलेले एक पानी पत्रही पुरते. शेवटचे कलम ग्राहकाच्याही हिताचे आहे. एखाद्या शाळेचा पत्ता ज्या व्यक्तीच्या नावावर घेतला ती व्यक्ती गाव सोडून गेली, तर शाळेचे संकेतस्थळच बेवारस होते.

फसवणुकीचा एक प्रकार छावणीच्या वस्तीत विशेष सांगण्याजोगा आहे. फोन करणारा स्वतःला सैन्यदलातील अधिकारी म्हणवतो, ओळखपत्राचे छायाचित्र पाठवतो, मोठी मागणी नोंदवतो व 'आमच्या खात्याची पैसे देण्याची पद्धत निराळी आहे' असे सांगून एक क्यूआर कोड धाडतो. तो कोड टिपून गुप्त क्रमांक टाकताच पैसे येण्याऐवजी जातात. देशात अनेक ठिकाणी हा प्रकार घडला आहे. गणवेशाविषयी जेथे स्वाभाविक आदर आहे तेथे तो अधिक फावतो. पैसे स्वीकारण्यासाठी गुप्त क्रमांक कधीही टाकावा लागत नाही, एवढे एक सूत्र ध्यानात ठेवले तरी बहुतेक अनर्थ टळतात. फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावे. पहिल्या काही तासांत कळवल्यास रक्कम मध्येच थांबवली जाण्याची शक्यता अधिक असते.

नोकरी करणाऱ्या मातेसाठी २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली, ५० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर आवश्यक ठरले आणि कामाचे स्वरूप तसे असेल तर परस्पर संमतीने रजेनंतरही घरून काम करण्यास वाव मिळाला. या तरतुदी २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत कायम आहेत. परंतु जी स्वतःच मालक व स्वतःच एकमेव कर्मचारी आहे, तिला रजा कोण देणार व पाळणाघर कोण काढणार? कायद्याने घातलेली पन्नासाची अट तिच्या घराच्या उंबरठ्याशी येऊन थांबते.

येथे केंद्र पुरस्कृत 'पाळणा' योजनेचा उपयोग होऊ शकतो. अंगणवाडीलाच जोडून चालवल्या जाणाऱ्या या पाळणाघरांत सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलांना महिन्यातून २६ दिवस, दररोज साडेसात तास सांभाळण्याची तरतूद आहे. आई नोकरीला आहे की नाही, ही अट त्यात नाही. त्यामुळे घरी संगणकावर काम करणारी स्त्रीही तिला पात्र ठरते. ज्या ग्रामपंचायतींच्या हद्दीत अंगणवाडीची खोली पुरेशी मोठी असून पाणी व स्वच्छतागृहाची सोय आहे, त्यांनी एकात्मिक बालविकास सेवा योजनेच्या प्रकल्प अधिकाऱ्यांकडे याबाबत चौकशी करावी. चौकशीस जाताना घरी बसून शिवणकाम, खाद्यपदार्थ, लेखनिकाचे काम वा संगणकाचे काम करणाऱ्या, लहान मुले असलेल्या स्त्रियांची यादी सोबत असल्यास बरे. अशा स्त्रिया नोकरीवर जाताना दिसत नाहीत, म्हणून त्यांची गणना सहसा कोणी केलेली नसते.